दादाच्या गाडीतलं वचनकार्ड

राहुरीची लेक

सर्वांना सलाम. बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज लिहिते आहे, कारण येत्या रविवारपर्यंत एक गोष्ट ठरवायची आहे आणि घरात कोणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नेहमीप्रमाणे वचनांचं ताट फिरलं. आमच्याकडे पाळकसाहेब आधी प्रार्थना करतात, मग बायबलातलं एकेक वचन छापलेली कार्डं स्टीलच्या ताटात पालथी ठेवून एकेका बाकावर येतात. एकानं एकच उचलायचं, बदलून घ्यायचं नाही. माझ्या थोरल्या भावाला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते वचन. दादा इतका हरखला! त्याच महिन्यात त्याच्या छोट्या हत्ती टेम्पोचा शेवटचा हप्ता फिटणार होता. घरी निघायच्या आधी, रात्री एक वाजता, त्यानं माझ्या हातात मोबाइल देऊन उजेड धरायला लावला आणि ते कार्ड स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला सेलोटेपनं चिकटवलं. चारही कडांना पट्ट्या लावल्या. हवा राहू नये म्हणून नखानं दाबत बसला होता.

मार्चमध्ये पाठीतून पोटात कळ यायला लागली. एप्रिलमध्ये कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दादा गेला. वय ४३. पुतणी दहावीला आहे, पुतण्या सहावीला.

केमोला नगरला जाताना दादा स्वतःच्याच गाडीतून जायचा. चालवायला त्याचा मित्र असायचा आणि हा शेजारी बसायचा. निघण्यापूर्वी हात लांब करून त्या कार्डाला बोट लावायचा. उन्हानं शाई उडत गेली. आता वरच्या ओळी जवळजवळ कोऱ्या झाल्यात. टेपखाली झाकलं गेलेलं तेवढं वाचता येतं: 'हिताचे आहेत', आणि खाली २९:११.

प्रार्थनेत आम्ही काही कमी केलं नाही. साखळी प्रार्थना झाली, शुक्रवारचे उपास झाले. मी स्वतः गुडघ्यावर मोठ्यानं म्हणायचे, "प्रभू, तू बोललास, आता तूच पुरं कर." मातीच्या दिवशी बाहेरगावाहून आलेले एक प्रचारक आईला म्हणाले, "वचन पक्कंच असतं आई, घेणाऱ्याचा विश्वास कुठेतरी कमी पडतो." आई तेव्हा काही बोलली नाही. पण ती रोज पहाटे चहा ठेवताना गायची, ते त्या दिवसापासून बंद आहे. आठवड्यानं रात्री अंधारात मला विचारलं, "ते वचन आपल्याला चुकून आलं होतं का गं? शेजारच्या बाकावरचं असेल कोणाचं तरी."

मला उत्तर देता आलं नाही.

आता गाडी विकली आहे. श्रीरामपूरकडचे एक जण १५ हजार इसार देऊन गेलेत, रविवारी दुपारी बाकी पैसे देऊन गाडी नेणार. वहिनी म्हणते, कार्ड राहू दे, त्यांचं ते काढतील. आई म्हणते, हात लावू नको, फाटेल. मला तर ते तिथे ठेवणंही जमत नाही आणि काढणंही.

आणखी एक. मी चौदा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या बायबलवर्गात, शिकवते. मागच्या रविवारी धडा होता 'देव दिलेलं वचन मोडत नाही'. समोर पहिल्या ओळीत माझा पुतण्या बसलेला. मी धडा बदलला, नोहाचं चित्र रंगवायला दिलं.

देवाच्या वचनावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि यंदाच्या ३१ डिसेंबरला ते ताट माझ्यासमोर आलं तर त्यात हात घालू का? कृपा करून 'देवाची इच्छा' एवढंच लिहू नका. ते फार जणांनी सांगून झालंय.

---

मिरजेच्या सिस्टर

बाई, आधी आईंना जे बोललं गेलं त्याबद्दल. मी बावीस वर्षं वॉर्डात काढली. हे वाक्य मी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ऐकलेलं आहे, आणि ते ऐकून माणसाचा चेहरा कसा भिंतीकडे वळतो तेही पाहिलं आहे.

आईंना २ तीमथ्य ४:२० वाचून दाखवा. प्रेषित पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडलं. एवढंच. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात लोक बरे झाले, त्याचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि पौलानं त्याच्या विश्वासाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पौलाच्या स्वतःच्या देहात काटा होता. तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे?

बोट लावून गाडीत बसणाऱ्या तुमच्या दादाचा विश्वास कमी नव्हता. केमोला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या दाराशी जाऊन परत दुसऱ्या वेळी निघायलाच किती लागतं, ते मला माहीत आहे.

आईंना गायचा आग्रह करू नका. स्तोत्र ८८ वाचा त्यांच्याजवळ बसून. ते अंधारातच संपतं. शेवटी उजेड आणायची घाई त्या कवीनं केली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

---

संगमनेरचा दस्तलेखक (निवृत्त)

ताई, मी ३४ वर्षं दुय्यम निबंधक कचेरीबाहेर टेबल टाकून खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं लिहिली. शास्त्रही मी त्याच डोळ्यांनी वाचतो, दुसरी नजर मला नाही. कोणताही कागद हातात आला की मी आधी बघतो: लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मिळकत कोणती, मुदत किती.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. लिहून देणार परमेश्वर. लिहून घेणार ती सगळी प्रजा. अकराव्या वचनातलं 'तुम्हांला' हे आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. आपल्या मराठीत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून कार्डावर ते एकट्याला वाटतं. मुदतीचं कलम त्याच्या लगेच आधी, दहाव्या वचनात आहे: सत्तर वर्षं. ते पत्र मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा तुमच्या दादाच्या वयाचा जो कोणी तिथे बसला असेल, त्याला तिथल्या तिथे कळलं असणार की आपलं मरण बाबेलातच आहे. आणि त्याच पत्रात, पाचव्या वचनात, त्याला सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा.

कार्डावर दस्तातली एकच ओळ छापतात, ताई. मुदतीचं कलम छापत नाहीत. चूक दादाची नव्हती, ओळीचीही नव्हती.

आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो लोकांना सांगत होता, दोनच वर्षं, दोन वर्षांत सगळं परत येईल. ती खोटी भविष्यवाणी होती. पण ती ऐकल्यावर यिर्मयाचा पहिला शब्द काय होता? "आमेन, परमेश्वर असं करो." त्यालाही मनातून दोनच वर्षं हवी होती. तुम्ही गुडघ्यावर बसून दादाचा जीव मागितलात, त्यात काही वावगं केलं नाहीत. यिर्मयानंही तेच मागितलं असतं.

आता ३२ वा अध्याय वाचा, शक्य तर आईंना घेऊन. मी तो किती वेळा वाचला असेन त्याची गणती नाही. शहराला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा, वेढा, आणि यिर्मया राजाच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातली जमीन कोण घेईल? माझ्या टेबलाशी असा गिऱ्हाईक आला असता तर मी त्याला परत पाठवला असता. पण देव सांगतो, घे. यिर्मया १७ शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो, खत लिहितो, सही करतो, साक्षीदार घेतो. दोन प्रती करतो, एक मोहरबंद, एक उघडी. आणि आपल्या लेखकाला, बारूखाला, सांगतो, हे मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल.

व्यवहार पुरा झाल्यावर, आधी नव्हे, यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत त्याची अडचण स्पष्ट दिसते: प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस! पैसे मोजून झालेत, खत मडक्यात गेलंय, आणि माणूस अजून बुचकळ्यात आहे. विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. मला तरी हे दिसतं. मनातली शंका मिटायची वाट न बघता त्यानं रुपं तोललं, आणि शंका होती ती देवापुढे तशीच नेऊन ठेवली.

त्या शेतात यिर्मयानं कधी नांगर घातल्याचं शास्त्रात नाही. त्याला पुढे लोकांनी मिसर (इजिप्त) देशात नेलं. पण एज्राच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, बाबेलातून परत आलेल्यांची यादी आहे. आपल्याला ती कंटाळवाणी वाटते, मी मात्र तिथे थांबतो. तेविसाव्या वचनात लिहिलंय: अनाथोथचे लोक, १२८.

इसार तुम्हाला माहीत आहे, नुकताच घेतलाय. शास्त्रात तोच शब्द 'विसार' म्हणून आहे. पौल करिंथकरांना लिहितो की देवाची वचनं कितीही असोत, ख्रिस्ताच्या ठायी त्यांना 'होय' आहे, आणि दोनच वचनं पुढे लिहितो की देवानं आपला आत्मा आपल्या अंतःकरणात विसार म्हणून दिला. आमच्या धंद्यात इसार देणारा अडकतो. मागे फिरला तर दिलेलं गेलं. इथे इसार देवानं दिलाय, आपण नाही. आणि त्या 'होय'ची वाट कबरेतून गेली. गेथशेमाने बागेत येशूनंही प्याला टळू दे म्हणून मागितलं होतं, आणि तो टळला नाही.

माझी पत्नी २०११ साली गेली. मातीच्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त ते मडकं होतं. तेवढ्यावर मी उभा राहिलो.

---

पिंपरीचा भाऊ

दस्तलेखक काकांचा मान राखून लिहितो, पण मला हे पूर्ण पटत नाही. २०१९ मध्ये माझ्या मम्मीचा ताप सतरा दिवस उतरत नव्हता. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवून घ्या म्हणून सांगितलं होतं. आमच्या संगतीतल्या दहा-बारा जणांनी दवाखान्याच्या जिन्यात रात्रभर प्रार्थना केली. सकाळी ताप उतरला. मम्मी आजही डबे करते. हे मी कसं विसरू?

आणि पत्र बाबेलच्या लोकांना लिहिलं म्हणून ते आपलं नाही, असं म्हटलं तर मग बायबल वाचायचं कशाला? सगळंच कोणाला ना कोणाला लिहिलेलं आहे.

ताई, तुमच्या दादाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मम्मीला मिळालं आणि तुम्हाला नाही, हे का, ते मला कळत नाही, आणि लिहिताना मला रडू येतंय. पण मागणं सोडू नका, एवढंच.

---

संगमनेरचा दस्तलेखक (निवृत्त)

भाऊ, तुझ्या आईसाठी मीही देवाचे आभार मानतो. अगदी मनापासून. मागायचं सोडा असं मी म्हणणार नाही.

तुझा दुसरा मुद्दा बरोबर आहे, माझं लिहिणं अपुरं पडलं. पत्र आपलंही आहे, पण वारस म्हणून. गलतीकरांस पत्र ३:२९: तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचं संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहात. वारस नोंद लागली की मिळकत येते, आणि मूळ दस्तातल्या अटीही येतात. सत्तर वर्षं खोडून फक्त अकरावं वचन आपल्या नावावर करता येत नाही.

आणि त्या पहिल्या वारसदाराच्या बापाचंच बघ. अख्ख्या देशाचं वचन मिळालेल्या अब्राहामानं त्या देशात एक जागा विकत घेतली, एफ्रोन हित्तीकडून, ४०० शेकेल रुपं मोजून. मकपेलाची गुहा, सारेला पुरायला. देशातली पहिली खरेदी कबरेची.

---

केडगावकर

मी केडगावचा, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवाराजवळ वाढलो. आमच्याकडे वचनांवरच्या विश्वासाबद्दल बोलताना लोक पंडिता रमाबाईंच्या दुष्काळातल्या कामाबद्दल सांगतात. शेकडो मुली आणल्या, देवानं पुरवलं वगैरे. ते खरंच आहे. मला मात्र शेवटची वर्षं जास्त आठवतात.

तरुणपणी दुष्काळात आईवडील गेलेले, १८८२ साली नवरा गेलेला, पदरात लहान मुलगी. तीच मनोरमा पुढे त्यांचा उजवा हात झाली, काम तिच्या हाती जायचं होतं. ती १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. मुलीला माती दिल्यावरही ते काम त्यांनी टाकलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं तेव्हा १९२४ उजाडलं होतं.

म्हणजे एकुलती एक मुलगी गेल्यावर ती बाई रोज सकाळी बसून हीच वचनं, यिर्मयासकट, एकेक शब्द धरून मराठीत आणत होती. आमच्या आजीकडे ते बायबल होतं. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, ताई. पण तुम्ही एकट्या नाही आहात.

---

राहुरीची लेक

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, मधे रविवार होऊन गेला.

शनिवारी रात्री आईजवळ बसून ३२ वा अध्याय वाचला. आई मडक्यापर्यंत गप्प होती. मग विचारलं, "त्यानं शेत पाहिलंच नाही पुन्हा?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. बराच वेळ गेला. आई म्हणाली, "तरी पैसे मोजले." आणि उठून भात टाकायला गेली. गाणं अजून नाही. सिस्टर, मी आग्रह करत नाही.

त्रफिमाचं वचन मी मोठ्या अक्षरात लिहून आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवलंय. ते तिनं दोनदा काढून वाचलेलं मी पाहिलं.

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी गाडीत जाऊन बसले. गरम पाण्यात फडकं पिळून टेपवर धरलं, अगदी हळू. तीन कडा निघाल्या. चौथी, दादानं सगळ्यात जास्त दाबलेली, निघेना. ओढल्यावर कार्ड आडवं फाटलं. 'हिताचे आहेत' माझ्या हातात आलं आणि २९:११ तिथेच राहिलं. आधी वाईट वाटलं. मग ते खरवडायचं नाही असं ठरवलं. गाडी न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, हा कसला नंबर. मी म्हटलं, एका पत्राचा आहे. ते म्हणाले, राहू द्या मग.

पिंपरीच्या भाऊ, तुमच्या मम्मीबद्दल वाचून पहिल्यांदा मला राग आला, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तेव्हा आला नाही. त्यांना माझा सलाम सांगा.

ताटाचं अजून ठरलेलं नाही. पाळकसाहेबांना मात्र सांगणार आहे की कार्डाच्या मागे अख्खा अध्याय वाचा असं छापता येईल का बघा.

शब्बाथ शाळेत राहिलेला धडा त्याच रविवारी घेतला. घरून लोणच्याचं रिकामं मडकं नेलं. मुलांनी खत लिहिलं, चार जणांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि गुंडाळी करून आत टाकली. पुतण्या सगळा वेळ काही बोलला नाही. शेवटी सगळे उठल्यावर मडक्यात डोकावून म्हणाला, "आत्या, आणि मडकं फुटलं तर?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी आपण एज्रा वाचू. तिथे एक यादी आहे, त्यातला अनाथोथचा आकडा तू शोधून काढायचास.